वकील का नाही केला? तुम्ही विचारलंत म्हणून

पैसे वाचवायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विचारणाऱ्याने मनातल्या मनात हेच उत्तर ठरवलेलं असतं. "घटस्फोट वकिलाशिवाय घेतलास ना? जमतं तसं?" हे मला मावसबहिणीच्या नणंदेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. कोणी उत्सुकतेने विचारतं, कोणी अशा सुरात की बाईने डॉक्टरशिवाय स्वतःचंच ऑपरेशन उरकलं. आमचं का मोडलं, ते तुम्हाला माहीत आहे, किंवा तुमचं तुम्ही ठरवलेलं आहे. त्यात मी पडत नाही.

तर, जमतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ काढून बघा: त्या कोर्टात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. कायदा करणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं की नवरा-बायको आपापलं बोलतील, आणि कोर्टाला गरज वाटली तर ते स्वतः एखाद्या जाणकाराची मदत घेईल. प्रत्यक्षात लोक परवानगीचा अर्ज देतात, परवानगी मिळते आणि व्हरांडा काळ्या कोटांनी भरून जातो. त्यामुळे जी बाई स्वतःची फाइल काखेत घेऊन उभी असते तीच चुकून आल्यासारखी दिसते. "तुमचे वकील कुठायत?" हे मला शिपायानेसुद्धा विचारलंय.

एका वकिलांना भेटले होते, नाही असं नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याचा पगार विचारला आणि म्हणाले, "म्युच्युअलचं आत्ता बोलूच नका. आधी पोटगीचा अर्ज टाकू, मग ते आपणहून येतील." चुकीचा सल्ला होता असं मी म्हणणार नाही. असा हिसका दिल्याशिवाय दमडी हाती लागत नाही अशा कितीतरी बायका नंतर मला त्याच व्हरांड्यात भेटल्या. पण परस्परसंमतीने, म्हणजे म्युच्युअलच, घटस्फोट घ्यायचा हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. ठरलेल्या गोष्टीवर आधी दावा लावायचा आणि मग तडजोड करायची, हे माझ्याच्याने होईना. मी चहा संपवला आणि निघाले.

अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. हिंदू विवाह कायदा, कलम १३-ब. एक वर्ष किंवा जास्त वेगळे राहतोय, एकत्र राहणं शक्य नाही, दोघांची संमती आहे. बस. कोण कसं वागलं ते लिहावंच लागत नाही, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. लग्नाचा दाखला, फोटो, पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र. मसुदा मी विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात दाखवून आणला. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "म्हणजे वकिलाची मदत घेतलीतच की!" हो, घेतली. वकील केला नाही, एवढंच मी म्हणते. वकिलाचं तोंड बघायचं नाही असं व्रत घेतलं नव्हतं.

तिथल्या वकीलबाईंनी मसुद्यात एकच बदल केला. फ्लॅट त्याच्या नावावर, हप्ते मात्र निम्मे माझ्या खात्यातून गेलेले, म्हणून एक रक्कम ठरली होती. अर्धी अर्ज दाखल करताना, अर्धी नंतर. 'नंतर' या शब्दावर त्यांनी काट मारली आणि लिहिलं, 'अंतिम तारखेस कोर्टासमोर डीडीने'. मला ते जरा अपमानास्पद वाटलं होतं. त्याच्यासाठी.

मग समुपदेशकांसमोर एकत्र आणि वेगवेगळं बसणं झालं, आणि सहा महिने थांबणं. ही मुदत माफ होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय, पण त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. आमचं तेवढं भरत नव्हतं.

सहा महिन्यांनंतरच्या तारखेला तो वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. मी विचारलं, डीडी? "बँकेत जायला झालंच नाही गं. आज जबाब देऊन टाकू, परवा ट्रान्सफर करतो. पळून चाललोय का मी?" पळून जाणारा माणूस नव्हताच तो. माझा त्याच्यावर विश्वास होता, आणि सगळी गोची तिथेच होती. बाकावर आमच्या मध्ये एक जागा सोडून बसलो होतो, बोर्डावर आमच्या आधीचे नंबर चालू होते, आणि मी मनात हिशेब करत होते की आज 'हो' म्हटलं तर संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगता येईल, सुटले एकदाची.

पुकारा झाला. जजमॅडमनी कागद चाळले, चष्म्यावरून बघितलं. "अटींप्रमाणे रक्कम मिळाली?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. खाली बसलेल्या टंकलेखिकेचे हात कीबोर्डवर थांबलेले, माझ्या उत्तरासाठी.

"नाही, मॅडम."

"मग आज जबाब नोंदवायचा, की तारीख हवीय?"

लोक विचारतात वकील नव्हता तर काय अडलं, तर हे अडलं. कायद्याचं काही अडलं नाही. या प्रश्नाला माझ्या वतीने कोणीतरी 'तारीख द्या' म्हणायला हवं होतं आणि मला खाली मान घालून त्याच्या मागे उभं राहायला मिळायला हवं होतं. बाहेर आल्यावर नवऱ्याला सांगता आलं असतं, "अरे, मी तयार होते, वकीलच ऐकेनात." फी बहुतेक याचीच असते. ते दोन शब्द मला माझ्याच तोंडाने, तो हाताच्या अंतरावर उभा असताना, म्हणावे लागले.

जिन्यात तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत एवढाच विश्वास?" मी गप्प. मग म्हणाला, "मी पण विचार बदलू शकतो, लक्षात ठेव." बदलू शकत होताच. हुकूमनामा होईपर्यंत दोघांचीही संमती टिकलेली असावी लागते, एकाने मागे घेतली की अर्ज बारगळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलंय. हे मला पाठ होतं, त्यालाही, कारण आम्ही ते शेजारी बसून वाचलं होतं. पुढच्या तारखेपर्यंत त्याने माझा फोन घेतला नाही. लग्न मोडतानासुद्धा आम्ही इतके वाईट वागलो नव्हतो एकमेकांशी.

पुढच्या तारखेला डीडी आणला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, घडी न घालता. मी त्याच्यासमोर नाव वाचलं, आकडा वाचला, अक्षरी रक्कम वाचली, तारीख वाचली, पोचपावतीवर सही केली. जबाब झाले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

पूर्वी मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, वकील मध्ये आले की भांडणं वाढतात. आता त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं, बाई गं, तुमचं सगळ्यात कडू भांडण झालं त्या जिन्यात वकील कुठे होता? ती म्हणेल, पण अटीतलं प्रत्येक वाक्य तुला समजत होतं ना? समजत होतं. काय सोडतेय आणि काय घेतेय, ते दुसऱ्या कोणी मला सांगितलं नव्हतं. हेही खरंच आहे, आणि त्याची किंमत मी कमी धरणार नाही. परवा ट्रान्सफर करतो म्हणाला होता, ते त्याने केलंच असतं, असं मला आजही वाटतं. तरी त्या दिवशी 'हो' म्हणायला हवं होतं असं मात्र वाटत नाही. दोन्ही एकदम कसं वाटतं, विचारू नका.

आणि एक. आम्हाला मूल नव्हतं, दोघं कमावते होतो, कोणी कोणावर हात उगारला नव्हता. यातलं एक जरी तुमच्याकडे वेगळं असेल, किंवा समोरचा लढणार असेल, तर माझं उदाहरण देऊ नका. ज्याच्याबरोबर संसार केला त्याची उलटतपासणी स्वतः घ्यायची हिंमत माझ्यात नाही, तुमच्यात असेल तर माहीत नाही.

मैत्रिणीच्या बहिणीने मध्ये फोन केला होता. मसुदा पाठवला, त्यात 'उर्वरित रक्कम नंतर' असंच होतं. मी म्हटलं, डीडी लिही, कोर्टासमोर लिही. ती म्हणाली, "ताई, त्याला काय वाटेल?"

वाईट वाटेल, म्हटलं. मग ती म्हणाली, मी विचार करून सांगते. अजून तिचा फोन आलेला नाही.