आमची वाटचाल : सर्व्हरच्या आधी लायसन्स

भोसरी एमआयडीसीत आम्ही कॉम्प्युटरच्या एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची, कामं घ्यायला लागलो तेव्हा काम म्हणजे फॉरमॅट मारणं, रॅम वाढवणं, प्रिंटर शेअर करून देणं एवढंच. व्हर्च्युअल मशीनकडे (व्हीएम), म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे, आम्हाला नेलं ते विंडोज एक्सपीनं. मापं घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालायचं, जुने पीसी बसायला लागलेले, आणि नवीन सॉफ्टवेअर छोट्या वर्कशॉपला परवडणारं नव्हतं. विंडोज 7 प्रोफेशनलवर एक्सपी मोड, म्हणजे आत व्हीएममध्ये चालणारं एक्सपी, मिळायचा, आतल्या एक्सपीचं लायसन्स वेगळं घ्यायला लागायचं नाही, होम प्रीमियमवर मात्र ही सोय नव्हती. त्यामुळे थोडे जास्त जाऊदेत पण प्रोफेशनलच घ्या, हे आम्ही तेव्हापासून पार्टीला सांगत आलो. एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा ती सगळी व्हीएम आम्ही नेटवर्कपासून तोडून ठेवली.

मग एक सर्व्हर आणि टेबलावर थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरवरचं काम नुसतं स्क्रीनवर दाखवणारा छोटा डबा, असं सगळ्यांना हवं झालं. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "अहो जुन्या पीसींवर विंडोजचे स्टिकर आहेत की, त्याच कीज टाका ना." आमची मुलं कॅबिनेट आडवं करून मोबाईलच्या टॉर्चमध्ये तो पुसट झालेला स्टिकर वाचायची, आणि त्यावर ओईएम लिहिलेलं असलं, म्हणजे विंडोज त्या पीसीसोबतच आलेलं असलं, की विषय संपला. ओईएम म्हणजे गाडीची आरसी, गाडी भंगारात गेली तर तीच आरसी नव्या गाडीला लावता येत नाही. वेगळी विकत घेतलेली रिटेल कॉपी व्हीएममध्ये टाकता येते पण एका कॉपीवर एकच इन्स्टॉल, पीसी काय नि व्हीएम काय. की टाकली, अॅक्टिव्हेट झालं, म्हणजे लायसन्स आहे असं नसतं हो, हे समजावण्यात आमचे कितीतरी चहा गेलेत आणि अजून जातील.

सर्व्हरवरचं विंडोज 10 किंवा 11 थिन क्लायंटवरून वापरायचं तर सॉफ्टवेअर अॅश्युरन्स (लायसन्ससोबतचा मायक्रोसॉफ्टचा जादा करार) असलेलं विंडोज एंटरप्राइज लागतं, नाहीतर सर्व्हरवरचं विंडोज वापरायचं व्हीडीए नावाचं सबस्क्रिप्शन. अशा एका लायसन्सवर चार व्हीएमपर्यंत वापरता येतात, फक्त एंटरप्राइज हे अपग्रेड आहे, खाली पीसीवर विंडोज प्रो हवंच, होम चालत नाही. थिन क्लायंटमध्ये प्रो नसतंच म्हणून तिथे व्हीडीए. हा खर्च ऐकून बरेच मालक गप्प होतात.

पण खरं सांगायचं तर टॅली आणि एक्सेलवर बसणाऱ्या माणसाला आख्खं वेगळं डेस्कटॉप लागतच नाही. तिथे आम्ही विंडोज सर्व्हर देतो, त्यावर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे सगळे एकाच सर्व्हरवर आपापल्या लॉगिननं, आणि प्रत्येक युजरमागे सर्व्हर वापरायचं लायसन्स म्हणजे कॅल, अधिक आरडीएसचं, म्हणजे त्या रिमोट डेस्कटॉपचं, कॅल. विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड एडिशन प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात, कमीत कमी 16 कोअर भरायचे, त्यात दोन व्हीएम बसतात. ऑफिसचं लायसन्स परत वेगळं, हे सगळेच विसरतात.

बाणेर हिंजवडीकडची अॅप बनवणारी मंडळी मॅकओएस व्हीएममध्ये हवं म्हणून यायला लागली. त्यांना सरळ सांगतो की अॅपल ते फक्त अॅपलच्याच मशीनवर चालवू देतं, एका मॅकवर जास्तीत जास्त दोन व्हीएम, तेही डेव्हलपमेंट टेस्टिंग अशा ठरलेल्या कामांसाठी. असेंबल्ड सर्व्हरवर टाकून द्या म्हटलं तर आम्ही काम घेत नाही. दुसरा कुणी करून देईल, देऊदे.

कोटेशनमध्ये आमच्याकडे लायसन्सची ओळ वर असते आणि सर्व्हरची खाली, कारण व्हीएम किती, युजर किती, कुठून वापरणार हे ठरल्याशिवाय सर्व्हर केवढा घ्यायचा तेच कळत नाही. कोटेशन जड दिसतं म्हणून काही कामं हातची गेली, पण जी पार्टी टिकली ती वर्षानुवर्षं टिकली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आता परत तीच गडबड. विंडोज 11 घेत नाहीत असे पीसी ढिगानं आहेत, त्यांच्यावर विंडोजऐवजी उबंटू ही दुसरी सिस्टीम टाकून आम्ही थिन क्लायंटसारखं टर्मिनल करून देतोय, उबंटूला पैसे नाहीत. पण त्या टर्मिनलवरून सर्व्हरवरचं विंडोज उघडलं की व्हीडीए नाहीतर कॅल आलंच, म्हणून सध्या प्रत्येक ऑफिसात आधी माणसं मोजून घेतोय, पीसी नंतर.