वीस फुटांचा पत्ता

गोव्यात सभासदांची यादी संगणकावर ठेवणाऱ्याला अपॉस्ट्रॉफी (') टाळता येत नाही. डिसोझा, डिमेलो, डिकॉस्ता ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर बहुधा ते चिन्ह येते, आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला (नोंदींच्या साठ्याला) आदेश देण्याच्या भाषेत, मजकूर कुठे सुरू झाला व कुठे संपला हे सांगण्याचे काम नेमके त्याच चिन्हाकडे असते. म्हापशाजवळच्या एका पतसंस्थेच्या नोंदी दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा आधीच्या कोणीतरी यावर सोपा तोडगा काढून ठेवलेला दिसला: नोंद अद्ययावत करताना हे चिन्ह गाळूनच टाकायचे. परिणामी पासबुकावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे, आणि काउंटरवर रोजची हुज्जत. प्रोग्रॅमच्या सोयीसाठी माणसाचे आडनाव बदलणे मला तरी उद्धटपणाचे वाटते.

म्हणून मी गाळणी काढून टाकली आणि चाचणीच्या प्रतीवर जुनाच प्रोग्रॅम चालवून पाहिला. आडनावांवर तो अडला, त्रुटीचा संदेश देऊन थांबला. ते अपेक्षितच होते. खरा धक्का एका पत्त्याने दिला. कोणीतरी ‘रस्त्यापासून २०' -- आंब्यामागे’ असे लिहिले होते. वीसपुढचे चिन्ह फुटांचे, त्यानंतरच्या दोन आडव्या रेघा सहज ओढलेल्या. मायएसक्यूएल या डेटाबेसने मात्र फुटांच्या चिन्हापाशी मजकूर संपला असे मानले, आणि दोन रेघा व त्यापुढची मोकळी जागा पाहून ओळीचा उरलेला भाग टिप्पणी समजून सोडून दिला. कोणत्या सभासदाची नोंद बदलायची हे सांगणारी अट त्याच उरलेल्या भागात होती. कोणतीही त्रुटी न येता चाचणीच्या प्रतीतले सगळे सभासद रस्त्यापासून वीसावर राहायला गेले! हाच प्रकार कोणी मुद्दाम केला, तर त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. इथे तर बिचाऱ्याने फक्त घराची खूण सांगितली होती.

मजकुरातले असे प्रत्येक चिन्ह दुप्पट केले की एसक्यूएल ते साधे अक्षर मानते, हे खरे. पण शंभर ठिकाणी हाताने केलेली ही खबरदारी एखाद्या ठिकाणी राहतेच. त्याऐवजी आदेशात मजकुराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून खरा मजकूर स्वतंत्रपणे, पॅरामीटर म्हणून पाठवला, की डेटाबेस त्या मजकुराकडे आदेश म्हणून पाहतच नाही, मग त्यात फूट असोत वा रेघा. आता नोंदी भरायचे पाचही फॉर्म तसेच चालतात. गाळणीच्याही आधीच्या जुन्या नोंदींत मात्र अपॉस्ट्रॉफीच्या आधी कुठे एक, कुठे तीन उलट्या तिरक्या रेघा साचलेल्या होत्या. अपॉस्ट्रॉफी साधे अक्षर मानली जावी म्हणून तिच्याआधी आपणहून अशा रेघा घालण्याची जी सोय पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा पूर्वी देत असे आणि जी २०१२ साली ५.४ आवृत्तीत काढून टाकली गेली, तिच्यावर प्रोग्रॅमची स्वतःची रेघ चढली, की प्रत्येक वेळी नोंद जतन करताना थर वाढत जातो. ते मी एकेक नोंद पाहून काढले, कारण पत्त्यातली एखादी रेघ खरीही असू शकते.

देवनागरी नावांची अडचण निराळी होती. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची एकके) घेते. तक्ता योग्य असूनही डेटाबेसशी जोडणी लॅटिन-१ (रोमन लिपीपुरती जुनी पद्धत) समजून उघडली आणि तीतून नोंद भरली, तर पुढे योग्य जोडणीतून वाचताना एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र रोमन चिन्हे दिसतात. ती बहुधा परत फिरवता येतात. ज्या नोंदींत नुसती प्रश्नचिन्हे उरली, त्यांची मूळ नावे गेली ती गेलीच. ती कागदी रजिस्टरातून पुन्हा भरावी लागली.

आणि मग ‘कऱ्हाडकर’. पडद्यावर एकसारखे दिसणारे हे आडनाव तीन प्रकारे साठवलेले सापडले: स्वतंत्र ऱ, र आणि त्याखाली नुक्ता (टिंब), किंवा अर्ध्या र नंतर न दिसणारा जोडक. आमच्या तक्त्यात तुलना बाइटनुसार होत असल्यामुळे नावावरून केलेला बदल एकाच प्रकाराला लागू होई आणि बाकीचे दोन गुपचूप सुटत. युनिकोड या सर्व लिप्यांच्या मानकातल्या प्रमाणीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एकसारखी करण्याच्या रीतीने, नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये मिळतो, जोडकाचा मिळत नाही. तो मला स्वतंत्रपणे बदलावा लागला. आता नोंद नावाने शोधून बदलायची नाही, सभासद क्रमांकानेच बदलायची, आणि किती ओळी बदलल्या तो आकडा एक नसेल तर बदल मागे घ्यायचा, असे प्रोग्रॅममध्येच बांधून टाकले आहे.