कोपरा मोजण्याआधी पाहिलेला फ्रीज

आमचा जुना फ्रीज एका दिवसात बंद पडला असता, तर निर्णय सोपा झाला असता. तो हळूहळू कमी पडत गेला. कॉम्प्रेसर दिवसरात्र न थांबता चालत राहायचा, बर्फाच्या कप्प्यात एकाच कोपऱ्यात तेवढा बर्फ धरायचा आणि खालच्या फळीवरचे दूध दुसऱ्या दिवशी नासायचे. दाराचे रबर सैल झाले असावे या समजुतीने मी दारात कागद अडकवून चारही बाजूंनी ओढून पाहिला, पण कागद सगळीकडे घट्ट धरला जात होता. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने तपासणी करून सांगितले, की गॅस गळतो आहे आणि गळती मागच्या भिंतीतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीत आहे. भिंत फोडून ती नळी सांधणे परवडणारे नव्हते, आणि नुसता गॅस भरून घेतला असता, तर काही दिवसांनी तोही निघून गेला असता. सतरा वर्षे वापरलेल्या यंत्रावर आणखी खर्च न करण्याचे आम्ही घरात एकमताने ठरवले. एकमत झाले ते एवढ्याच बाबतीत.

त्यानंतर मी केलेली पहिली गोष्ट चुकीची होती, ती म्हणजे मोजपट्टी हातात घेण्याआधी मी दुकानात गेलो. प्रशस्त दालनात, उंच छताखाली आणि भरपूर प्रकाशात ठेवलेला कोणताही फ्रीज असतो त्यापेक्षा लहान दिसतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. ४५० लिटरचा एक फ्रीज मला मनापासून आवडला आणि मी तो जवळजवळ नक्की करून घरी आलो. संध्याकाळी पत्नीने विचारले, ‘‘त्याची रुंदी किती आहे?’’ मला सांगता आले नाही. मग आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघराचा तो कोपरा मोजला. रुंदी ७४ सेंटिमीटर भरली, वरच्या कपाटापर्यंतची उंची १७८ सेंटिमीटर आणि मागच्या भिंतीपासून समोरच्या ओट्यापर्यंतचे अंतर १४० सेंटिमीटर.

मला आवडलेला फ्रीज ७० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर उंच होता, म्हणजे तो वरच्या कपाटाखाली मावलाच नसता. पण उंची जमली असती, तरीही तो चालला नसता, आणि त्याचे कारण कळायला मला माहितीपुस्तिका शांतपणे वाचावी लागली. फ्रीज आतली उष्णता बाहेर काढून टाकतो. ती जायला वाट मिळाली नाही, तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त लागते आणि यंत्राचे आयुष्य घटते. त्यामुळे बहुतेक पुस्तिकांत मागे, दोन्ही बाजूंना आणि वर किती जागा मोकळी सोडायची ते दिलेले असते. या फ्रीजला प्रत्येक बाजूला पाच सेंटिमीटर हवे होते आणि आमच्याकडे उरत होते दोन. शिवाय त्याची खोली ७३ सेंटिमीटर होती. मागचे पाच आणि उघडलेल्या दाराचे ७० सेंटिमीटर त्यात मिळवले, की बेरीज १४८ होते. म्हणजे दार पूर्ण उघडण्याआधीच समोरच्या ओट्यावर आदळले असते.

याहून लपलेली अडचण बिजागरीची होती. आमचा फ्रीज एका बाजूने भिंतीलगत उभा राहतो. बिजागरी भिंतीकडच्या बाजूला असेल आणि फ्रीज भिंतीला चिकटून असेल, तर दार जेमतेम काटकोनात उघडते. काटकोनात उघडलेल्या दारातून माणसाचा हात आत जातो, पण भाज्यांचा कप्पा बाहेर येत नाही, कारण तो दाराच्या आतल्या खणांना अडतो. कित्येक फ्रीजमध्ये काचेची फळी किंवा खालचा कप्पा धुण्यासाठी काढायचा असेल, तर दार ९० अंशांहून बरेच पुढे जावे लागते. दुकानात फ्रीजच्या दोन्ही बाजू मोकळ्या असल्याने हे कधीच दिसत नाही. त्या दिवसापासून मी दुकानात गेलो, की दार हाताने काटकोनात धरून ठेवायचो आणि त्या स्थितीत खालचा कप्पा ओढून पाहायचो. एका विक्रेत्याने माझ्याकडे थोडे विचित्र नजरेने पाहिले, पण त्यांच्याकडच्या तीन फ्रीजपैकी दोघांचे कप्पे अडकले.

किती लिटरचा फ्रीज घ्यायचा, हा वाद घरात सर्वांत जास्त दिवस चालला. जुना फ्रीज नेहमी भरलेला दिसत असल्यामुळे नवा मोठा हवा, असे मला वाटत होते. शेवटी मी एक आठवडा रोज रात्री फ्रीज उघडून आतले छायाचित्र काढले. सात छायाचित्रे एकाशेजारी एक ठेवून पाहिली, तेव्हा वरच्या फळीवरच्या नऊ बाटल्या आणि डबे आठवडाभर जागचे हललेही नव्हते, असे दिसून आले. खरोखर वापरात असलेल्या वस्तू मधल्या दोन फळ्यांवर आणि दारात होत्या. म्हणजे आम्हाला जागा कमी पडत नव्हती, आम्ही ती अडवून ठेवली होती. लिटरच्या आकड्याबद्दलही सावध राहावे लागते. काही ठिकाणी एकूण घनफळ छापलेले असते आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष साठवणुकीचे. दोन फ्रीजची तुलना करताना दोन्हीकडे एकाच प्रकारचा आकडा घेतला नाही, तर ती तुलना निरर्थक ठरते. आम्ही ३२० लिटरच्या आसपास थांबलो.

फ्रीजर वर असावा की खाली, याचा निर्णय आईच्या गुडघ्यांनी घेतला. ती दिवसभरात फ्रीज किती वेळा उघडते आणि फ्रीजर किती वेळा, हे मी दोन दिवस मोजले. फ्रीजर दिवसाला दोन-तीन वेळा उघडला जात होता आणि खालचा भाग पंचवीसच्या पुढे. तरीही बहुसंख्य फ्रीजमध्ये कमी लागणारा कप्पा डोळ्यांसमोर आणि रोजचा कप्पा गुडघ्यांपाशी असतो, याचे मला तेव्हापासून नवल वाटत आले आहे. फ्रीजर खाली असलेला प्रकार पाहायला आईला सोबत नेले, तेव्हा तिने दार उघडून मधल्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘हा बरा आहे, वाकावे लागत नाही.’’ फ्रीजरचे खण ओढायचे असल्यामुळे त्यात थोडी जागा वाया जाते, ही पत्नीची तक्रार खरी होती आणि ती आजही खरीच आहे.

फ्रॉस्ट-फ्री घ्यायचा की डायरेक्ट कूल, याचा विचार मी मनापासून केला, कारण डायरेक्ट कूल प्रकाराला उगीचच जुनाट मानले जाते, असे माझे मत आहे. त्यात पंखा नसतो, हवा आपोआप फिरते आणि आतला ओलावा टिकून राहत असल्याने पालेभाज्या लवकर सुकत नाहीत. मात्र साठलेला बर्फ अधूनमधून वितळवून काढावा लागतो. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये पंखा थंड हवा सर्व कप्प्यांत फिरवतो आणि ठरावीक काळाने एक छोटा हिटर नळ्यांवरचा बर्फ वितळवतो. ते पाणी मागच्या बाजूने उतरून कॉम्प्रेसरजवळच्या ताटलीत जमते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. बर्फ वितळवण्याचे काम आमच्या घरी नेहमी माझ्याकडे असते आणि मी ते नेहमी पुढे ढकलतो, म्हणून फ्रॉस्ट-फ्री निवडला. भाज्यांसाठी वेगळा, झाकणाने बंद होणारा कप्पा त्यात आहे ना, एवढे मात्र पाहिले.

विजेच्या बाबतीत मी जवळजवळ फसलो होतो. ऊर्जालेबलावरची श्रेणी जितकी वरची तितकी वीज कमी, असे मी धरून चाललो होतो. पण ही श्रेणी ठरवताना फ्रीजचा आकारही विचारात घेतला जातो, त्यामुळे वरच्या श्रेणीतला मोठा फ्रीज खालच्या श्रेणीतल्या लहान फ्रीजपेक्षा अधिक वीज खाऊ शकतो. खरा आकडा म्हणजे वर्षाला लागणाऱ्या युनिटचा, आणि तो लेबलावरच असतो. मला आधी आवडलेल्या ४५० लिटरच्या फ्रीजवर २९० युनिट लिहिलेले होते आणि आम्ही निवडलेल्यावर २२८. फरक वर्षाला ६२ युनिटचा. बारा वर्षांत तो ७४४ युनिटचा होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असल्यामुळे त्याची गती गरजेप्रमाणे कमीजास्त होते, तो सतत बंद-चालू होत नाही आणि सुरू होतानाचा जुना धडधडाटही नाही. आवाजाचा आकडा डेसिबलमध्ये दिलेला असतो आणि तीन डेसिबलच्या फरकाने ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून ३७ आणि ४० हे आकडे दिसतात तितके जवळचे नाहीत.

हवामानवर्गाकडे कोणी लक्ष देताना मला दिसले नाही. फ्रीजवरच्या पट्टीवर एन, एसटी किंवा टी अशी अक्षरे असतात. एन म्हणजे १६ ते ३२ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ अंशांपर्यंत आणि टी म्हणजे ४३ अंशांपर्यंत. जिथे चूल दिवसभर पेटती असते, तिथे हे अक्षर वाचणे फायद्याचे आहे. त्याच पट्टीवर गॅसचे नाव असते. आमच्या नव्या फ्रीजमध्ये आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, ५२ ग्रॅम आहे. हा वायू ज्वलनशील आहे, पण त्याचे प्रमाण अगदी थोडे असते आणि ओझोनच्या थराला त्याचा धक्का लागत नाही. ओझोन विरळ करणाऱ्या जुन्या वायूंना आवर घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ साली झाला. जुना फ्रीज देताना तो गॅस आणि फोम रीतसर हाताळणाऱ्यांकडेच जाईल, एवढी खात्री मी करून घेतली.

वायफाय, दारावरचा पडदा आणि आपोआप बर्फ पाडणारे यंत्र यांवर आम्ही पाच मिनिटेही घालवली नाहीत. हमीपत्रावर मात्र घालवली. दहा वर्षांची हमी मोठ्या अक्षरांत होती, पण ती फक्त कॉम्प्रेसरची. बाकी सर्व भागांची एक वर्ष. ‘‘कॉम्प्रेसर बदलताना गॅस भरण्याचे आणि मजुरीचे काय?’’ असे मी विचारले. विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘साहेब, ते हमीत नाही. आणि इन्व्हर्टरचा सर्किट बोर्डही एकच वर्ष.’’ त्या उत्तरामुळे मी खरेदी तिथूनच केली.

फ्रीज उभ्यानेच आणावा, असे मी बजावले होते. तरी जिन्याच्या वळणावर तो काही वेळ आडवा करावा लागला, म्हणून कॉम्प्रेसरमधले तेल पुन्हा जागेवर उतरावे यासाठी आम्ही तो रात्रभर उभा ठेवून सकाळी चालू केला. भिंतीच्या बाजूला ९ सेंटिमीटर सोडल्यामुळे दार काटकोनापुढे जाते आणि भाज्यांचा कप्पा सरळ बाहेर येतो. दुसऱ्या रात्री मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात तापमापक ठेवला. सकाळी त्याने ७ अंश दाखवले, म्हणून सेटिंग दोन पायऱ्या खाली आणले आणि तिसऱ्या दिवशी तो ४ अंशांवर स्थिरावला. फ्रीजर उणे १८ अंशांवर आहे. दूध दाराच्या खणात ठेवायचे नाही, कारण दार उघडताच बाहेरची गरम हवा आधी तिथे लागते, हे आईला पटवायला आणखी एक आठवडा गेला.

कोपरा, दार, जिना, कपाट हे सगळे मोजले होते. मोजायची राहिली ती आमची पाण्याची उंच बाटली. दाराच्या खालच्या खणात ती उभी केली, की टोपण वरच्या खणाला टेकते आणि दार बंद होत नाही. सध्या ती आडवी, मधल्या फळीवर आहे.