कौसानीहून बागेश्वरला

आज बागेश्वरहून परत आलो आणि जेवल्या जेवल्या लिहायला बसलेय, कारण उद्यावर टाकलं तर मनातला राग निवून जाईल आणि तो मला निवू द्यायचा नाहीये.

उत्तराखंडात कुमाऊंच्या डोंगरातल्या कौसानीला सगळे येतात ते शिखरं बघायला, आम्हीही त्यासाठीच आलो. काठगोदामला रेल्वे संपते, मग अल्मोड्यावरून दिवसभर वळणं, आणि शेवटी कोसी नदीच्या काठाकाठाने सोमेश्वरचं खोरं लागतं, भातकापणी होऊन मोकळी पडलेली शेतं. नोव्हेंबरात यायचं कारण एवढंच की पाऊस संपून हवा धुतल्यासारखी असते. आणि खरंच, सकाळी गच्चीवर गेलो तर समोर त्रिशूल, 7120 मीटर, पूर्ण उघडा, त्याच्या उजवीकडे मागून नंदादेवी, 7816 मीटर. आधी टोकांवर केशरी रंग चढला, मग तो हळूहळू खाली उतरला, कोणी काही बोललं नाही. इथले लोक नंदेला लेक मानतात, दर बारा वर्षांनी राजजात नावाच्या यात्रेत तिला सासरी पोचवायला पायी जातात, कैलासाकडे. होमस्टेच्या दीदी हे सांगताना नंदेबद्दल असं बोलत होत्या की वाटावं त्यांच्याच घरची माहेरवाशीण गेलीये.

पण दीदी गच्चीवर फार वेळ उभ्या राहिल्या नाहीत, विळा आणि दोर घेऊन निघाल्या. थंडीच्या आधी गवत कापून ठेवावं लागतं, नाहीतर गुरं खाणार काय. मी थोडं अंतर त्यांच्यासोबत गेले. खालच्या उतारावर सगळा चीड, म्हणजे पाईन, त्याची सुयांसारखी पानं, पिरूल म्हणतात, ती गुरं खात नाहीत आणि उन्हाळ्यात वणवा पेटला की हेच भडाभडा जळतं. चारा हवा तर बांजाकडे जायचं, तो ओक, त्याच्याखाली माती ओली राहते, तिथेच झरे टिकतात. बांज गावापासून लांब लांब गेलाय आणि तेवढीच बायकांची चाल वाढलीये. परतताना दीदींच्या पाठीवर एवढा मोठा भारा की समोरून फक्त पाय आणि चेहरा दिसत होता.

दुपारी अनासक्ती आश्रमात गेलो. गांधीजी 1929 मध्ये इथे राहिले होते, त्यांनी केलेलं गीतेचं भाषांतर, अनासक्तियोग, त्याची प्रस्तावना त्यांनी इथेच पूर्ण केली. बंगला चहामळेवाल्यांचा होता. आणि पलीकडे लक्ष्मी आश्रम, तो 1946 मध्ये सरलाबेननी डोंगरातल्या मुलींसाठी काढला, लंडनमध्ये जन्मलेली बाई, मूळ नाव कॅथरीन हाइलमन, आयुष्य इथे घातलं. इथे सूर्योदय बघून लगेच पुढे पळणाऱ्यांना हा आश्रम माहीतच नसतो याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं डोक्यात घेऊनच आज खाली बागेश्वरला गेलो. वाटेत बैजनाथ, गोमतीच्या काठावर कत्यूरी राजांच्या काळातली दगडी देवळं, आत पार्वतीची काळ्या दगडातली सुंदर मूर्ती, घाटाच्या पायऱ्यांपाशी मोठेमोठे मासे. छान आहे, पण मला ओढ होती ती संगमाची, जिथे गोमती सरयूला मिळते.

इंग्रजांच्या काळात या डोंगरात कुली बेगार होती. साहेब दौऱ्यावर आला, शिकारीला आला, की प्रत्येक गावाने माणसं द्यायची आणि त्याचं सामान पाठीवर वाहून पुढच्या मुक्कामाला पोचवायचं, फुकट. वर दूध, लाकूड, गवत तेही गावानेच पुरवायचं. शेतात पेरणी असो की घरात आजारी माणूस, आपली पाळी आली की जायचं. कोणाची पाळी हे लिहिलेली रजिस्टरं पधानांकडे, म्हणजे गावप्रमुखांकडे, असायची.

1921 च्या मकर संक्रांतीला, उत्तरायणीच्या जत्रेत, स्वातंत्र्यचळवळीतले इथले पुढारी बद्रीदत्त पांडे वगैरे मंडळींच्या सांगण्यावरून हजारो लोकांनी याच संगमावर सरयूचं पाणी हातात घेऊन शपथ घेतली की यापुढे बेगार करणार नाही, आणि पधानांनी ती रजिस्टरं नदीत फेकून दिली. ओझं उचलायला माणसंच मिळेनात तेव्हा सरकारला ती पद्धत सोडावी लागली. शस्त्र नाही, फक्त वह्या पाण्यात. मी तिथल्या पायऱ्यांवर बसून राहिले, पाणी हिरवट, थंडगार, शेजारी कोणीतरी आजी बागनाथाच्या देवळात जाण्याआधी पाय धूत होत्या. त्यांच्या आज्याने कधी कोणाचं सामान वाहिलं असेल का, विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

राग याचा की शाळेत असताना हे कोणी मला सांगितलं नाही. हिमालय म्हणजे बर्फ, देवदार, हनिमून. या डोंगरातली माणसं चित्रात कुठेच नाहीत, असली तर पाठीवर ओझं घेऊन.

दीदींना रात्री सांगितलं कुठे जाऊन आलो ते. मडुआची भाकरी, म्हणजे आपली नाचणीच, आणि काळ्या भटांची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, चुडकानी, दाट रस्सा, वाढता वाढता म्हणाल्या, जत्रेला या, जानेवारीत, तेव्हा मुलं गळ्यात घुघुत्यांच्या, म्हणजे गोड पिठाच्या तळलेल्या आकारांच्या, माळा घालून कावळ्यांना हाका मारतात, संगमावर पाय ठेवायला जागा नसते. थंडी मरणाची असेल म्हणाल्या. मी हो म्हणून टाकलंय, रजेचं बघते.