चेंडू टप्पा घेतो तेव्हा रॅकेट कुठं असते?

आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता. मी टेनिस शिकवतो. सकाळी रोलर फिरवला तेव्हा टेनिस कोर्टची लाल माती नेमकी बसली होती. अशा मातीवर चेंडूचा प्रत्येक टप्पा ठसठशीत उमटतो. त्या दिवशीचं निम्मं निदान या ठशांनीच केलं, म्हणून हे आधी सांगतोय.

मुलगा १३ वर्षांचा, उजव्या हाताचा, पायानं चपळ. वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू साच्यात ओतायच्या कारखान्यात, काम करतात. म्हणाले, "सर, सहा महिने झाले, रोज रात्री नदालचे व्हिडिओ बघून आरशासमोर फोरहँड मारतोय. हुबेहूब करतोय बघा. पण मॅचमध्ये बॉल पुढं जातच नाही."

हुबेहूब होतंच. फोरहँड म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूनं मारायचा फटका. तो मारल्यावर टेनिसपटू राफेल नदालसारखी, गोफण फिरवावी तशी रॅकेट डोक्यावरून फिरून पुन्हा उजव्याच बाजूला यायची. लांबून बघणारा फसलाच असता.

मी बेसलाईनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, एकसारख्या वेगाचे २० चेंडू दिले. मग पलीकडं जाऊन ठसे मोजले. सर्व्हिस लाईनच्या पुढं ६. नेट आणि त्या लाईनच्या मधल्या सर्व्हिस बॉक्समध्येच पडलेले १०. उरलेले ४ नेटमध्ये. सर्व्हिस लाईन नेटपासून ६.४० मीटरवर असते आणि तिथून बेसलाईनपर्यंत आणखी ५.४९ मीटर. आखूड पडलेला चेंडू म्हणजे समोरच्याला पुढं येऊन मारायचं आमंत्रण. फिरकी होती, पण चेंडूत वजन नव्हतं.

खेळून झाल्यावर हात भरून येतो, असंही तो म्हणाला. त्याच्या कोपराचं आतल्या बाजूचं हाड दाबून बघितलं, दुखलं नाही. वाढत्या वयाच्या मुलाला तिथं दुखत असेल तर रॅकेट त्याच क्षणी खाली ठेवायची आणि हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवायचं, त्यात तडजोड नाही. रॅकेट मात्र मोठ्या माणसाची, ३०० ग्रॅमची, आणि ताठ पॉलिएस्टर स्ट्रिंग ५४ पौंडांच्या ताणानं ओढलेली. "नदाल पॉलिएस्टरच वापरायचा," मुलगा म्हणाला. खरं आहे. पण त्या स्ट्रिंगला वाकवायला जो वेग लागतो तो १३ वर्षांच्या हातात नसतो. मग सगळा धक्का मनगट आणि कोपर खातं. मी माझ्याकडची हलकी रॅकेट दिली, मऊ स्ट्रिंग, ४८ पौंडांची.

मग व्हिडिओ घ्यायला फोन लावला. यात बहुतेक पालक चुकतात. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं येतात. रॅकेटचं टोक ताशी ७० किलोमीटरनं फिरत असेल तर दोन चित्रांच्या मध्ये ते दोन फुटांहून जास्त सरकलेलं असतं. चेंडू तर स्ट्रिंगवर ४ ते ५ मिलिसेकंदच असतो, म्हणजे फटका नेमका त्या फटीत हरवतो. २४० चित्रांवर घेतलं की ही फट तीन इंचांवर येते. त्याला उजेड भरपूर लागतो, म्हणून सकाळची वेळ बरी. फोन कंबरेच्या उंचीवर, साईडला, खेळाडूच्या बरोबर रेषेत ठेवायचा. टीव्हीचा मुख्य कॅमेरा बेसलाईनच्या मागं उंचावर असतो. तिथून चेंडू शरीराच्या किती पुढं घेतला हे कळतच नाही, डोळ्यांत भरतो तो फक्त शेवट. मुलं शेवटाची नक्कल करतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

बाकावर बसून फोनवर दोन व्हिडिओ बघितले. एक त्याचा, एक नदालच्या सरावाचा, साईडनं घेतलेला. मी त्याला सांगितलं, "शेवट बघायचा नाही. बॉल टप्पा घेतो तिथं थांबव."

नदालच्या व्हिडिओत त्या क्षणी खांदे पूर्ण वळलेले, रॅकेट वर, रिकामा हात शरीरासमोर बेसलाईनला जवळजवळ समांतर ताणलेला. मग त्यानं स्वतःचा थांबवला. टप्पा पडला होता आणि रॅकेट अजून पोटासमोर. डावा हात खाली लोंबतोय. तो बराच वेळ बघत राहिला. एकदा मागं नेलं, परत पुढं आणलं. मग हळूच म्हणाला, "सर, मी अजून सुरूच केलं नाही की."

सगळं दुखणं इथंच होतं. उशिरा वळल्यामुळं चेंडू पुढच्या पायाच्या पुढं न भेटता कंबरेजवळ भेटत होता. तिथून रॅकेट पुढं ढकलायला जागाच नसते, वर ओढणं एवढंच उरतं, आणि ते ओढणं तो चेंडू लागायच्या आधीच, दंडानं, सुरू करत होता. नदाल डोक्यावरून रॅकेट नेतो ती चेंडूला पुढं जोर देऊन झाल्यावर, वरच्या दिशेनं आलेला प्रचंड वेग कुठंतरी जिरवावा लागतो म्हणून. त्याच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी ३,२०० फेऱ्यांच्या आसपास मोजली गेली आहे. आणि वेळ मिळाला, चेंडू सोपा आला, की तोही कितीदा तरी रॅकेट पलीकडच्या खांद्यावर संपवतो. एरवी हे कुणी बघत नाही.

वडील मागं उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे साचा चुकलाय आणि आम्ही सहा महिने फेटलिंग करत बसलोय." फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेला ओतीव भाग घासून साफ करणं. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

दुसरी चूक ग्रिपची, म्हणजे दांडा धरायच्या पद्धतीची. दांड्याला आठ पैलू असतात. वरचा सपाट तो पहिला, उजव्या हातासाठी घड्याळाच्या दिशेनं मोजायचे. तर्जनीच्या मुळाचं हाड तिसऱ्यावर आलं की ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. याचा हात पाचव्याच्याही पुढं सरकला होता, जास्त टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी, मिळावा म्हणून. त्या ग्रिपमध्ये कंबरेच्या उंचीच्या चेंडूला स्ट्रिंगचं तोंड जमिनीकडं झुकतं. नेटमधले चार चेंडू तिथलेच. नदालची ग्रिप इतकी टोकाची नाहीच, ती सेमी-वेस्टर्न. मार्करनं चौथ्या पैलूवर खूण करून दिली.

मग काम सुरू. आधी हातानं टाकलेले ३० चेंडू. चेंडू माझ्या हातातून सुटला की त्यानं मोठ्यानं "वळ" म्हणायचं आणि वळायचं. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर तसाच राहिला पाहिजे, म्हणजे खांदे आपोआप वळतात. फटका संपला की रॅकेटचा गळा डाव्या खांद्यावर डाव्या हातात पकडायचा. गोफण बंद.

पहिले दहा-बारा चेंडू थेट मागच्या जाळीवर गेले. हे होतंच. लवकर वळ म्हटलं की मुलं लवकर रॅकेट मागं नेतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याची रॅकेट पाठीमागं जात होती, तिथून परत येताना पुन्हा उशीर, आणि घाईत सपाट फटका. मी त्याला कुंपणाच्या जाळीकडं पाठ करून, दीड फुटावर उभं केलं आणि नुसते शॅडो, म्हणजे चेंडूशिवाय फटके, मारायला लावले. रॅकेट जाळीला लागली की आवाज येतो. पहिल्या दहात सात वेळा आला. तिसऱ्या फेरीत एकदाच. इथं मी काहीच बोललो नाही, जाळीच बोलत होती.

त्यानंतर नेटच्या वर एक मीटरवर दोरी बांधली. नेट मध्यभागी ०.९१४ मीटर असतं, म्हणजे दोरी साधारण १.९ मीटरवर. चेंडू दोरीवरून जायला हवा आणि सर्व्हिस लाईनच्या पुढं पडायला हवा. दोन्ही एकदम जमवायचं तर रॅकेट खालून वर आणि पुढं, दोन्हीकडं जावीच लागते. यावर तोंडी समजावणीचा उपयोग होत नाही, दोरी लागते.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "मग कॉपी करायचीच नाही का सर?" करायची. २०२२ साली कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली, तेव्हापासून इथली पोरं मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ जास्तच मन लावून बघतात, आणि मला ते आवडतं. फक्त एकाला धरून बसू नये. फेडरर, नदाल, जोकोविच शेजारी शेजारी ठेवायचे. फेडररची ग्रिप ईस्टर्नकडं झुकलेली, जोकोविचची त्याहून बरीच पुढची. फेडरर आणि नदाल फटक्याच्या वेळी हात सरळ ठेवतात, जोकोविचचं कोपर वाकलेलं असतं. शेवट तर तिघांचे तीन. पण समोरच्यानं चेंडू मारला की तिघांची स्प्लिट स्टेप, म्हणजे दोन्ही पायांवर छोटी उडी, पडते, टप्पा पडेपर्यंत तिघांचे खांदे वळलेले असतात, चेंडू तिघंही शरीराच्या पुढं घेतात आणि डोकं तिथंच स्थिर राहतं. जे तिघांत सारखं ते आधी घ्यायचं. आपल्याकडं तालमीतही पोराला आधी पाय कुठं टाकला ते बघायला लावतात, डाव नंतर.

साडेनऊला पुन्हा तेच २० चेंडू, तोच वेग. मधे कोर्ट ओढून घेतलं होतं, जुने ठसे नकोत म्हणून. या वेळी मोजायला तो स्वतः धावला. सर्व्हिस लाईनच्या पुढं १३, नेटमध्ये १. बाहेर गेलेले २, आणि त्यांची मला अजिबात काळजी वाटली नाही. आखूड चेंडू मारणाऱ्या मुलाचे दोन बाहेर जाणं चांगलं लक्षण आहे.

जाताना गृहपाठ दिला. आरसा बंद. आठवड्यातून एकदा साईडनं २४० वर व्हिडिओ, आणि मला पूर्ण व्हिडिओ नाही, टप्पा पडतो त्या क्षणाचं एकच चित्र पाठवायचं.

मंगळवारी संध्याकाळी ते आलं. खांदे वळलेले, डावा हात गळ्यावर. रॅकेट वितभर जास्त मागं होती. मी परत लिहिलं, "जाळीपाशी अजून २० शॅडो."