लोड-तक्क्यांपासून वाचनउशीपर्यंत: आमची वाटचाल

आमचा गादी कारखाना पुण्यातला. धंदा लग्नसराईवर चालणारा: गाद्या, लोड, तक्के, गिरद्या. गाद्यांत पिंजलेला कापूस, उशांत शेवरी. वाचनउशी, म्हणजे पाठीला उभा टेकू आणि दोन्ही बाजूंना कोपर टेकवायला हात, हिची मागणी आली ती पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींकडून. टेबल-खुर्चीला जागा नाही, खाटेवरच अभ्यास, पाठीमागे थेट भिंत.

तेव्हा अशी उशी लोडासारखीच शिवत: एकच खोळ, आत कापूस, तोंड टाके घालून बंद. बसायला झकास, पण धुवायची सोय नाही. तेलकट डोकं आणि घामट पाठ रोज टेकणारी वस्तू धुता येत नसेल तर दोन वर्षांत तिचा वास खोलीभर होतो. म्हणून आमच्याकडे पुढे जे बदल होत गेले, ते सगळे एकाच प्रश्नाभोवती: उशी उघडायची कशी, आणि धुतली तर आतपर्यंत वाळवायची कशी? मळलेली उशी स्वच्छ करता येते. आत ओल धरलेली बहुतेक वेळा फेकावी लागते.

पहिला बदल भरावात झाला. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून बसतो. पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. शेवरीचा तंतू आतून पोकळ आणि मेणचट, पाण्याला सहजी दाद देत नाही, पण ठिसूळ. धुताना चोळला की मोडतो आणि अभ्र्यातून भुकटी झडू लागते. फोमचा चुरा पाणी धरतो आणि जोरात पिळला की फाटतो; उन्हात ठेवला तर पिवळा पडून कुसकरतो. उरलं ते पोकळ पॉलिस्टर तंतूचं भरण, बाजारात ज्याला सरसकट रेक्रॉन म्हणतात. कापसासारखा थंडावा त्यात नाही, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पण धुता येतं, आणि रोजच्या वापरात तेच महत्त्वाचं.

दुसरा बदल आतल्या रचनेत. आता उशीला दोन थर आहेत: बाहेर चेनचा अभ्रा, आत मांजरपाटाची खोळ. खोळीला पाठीच्या भागात आडवे तीन कप्पे. सगळं भरण एकाच पोकळीत असलं तर ते खाली सरकतं, कमरेशी ढिगारा होतो आणि खांद्यामागे नुसतं कापड उरतं. मोठ्या उशीत खालच्या कप्प्यात ५५० ग्रॅम, मधल्यात ४००, वरच्यात २५० आणि दोन्ही हातांत ३००-३०० ग्रॅम, असं १८०० ग्रॅम भरण जातं. प्रत्येक कप्प्याला वेगळी छोटी चेन. शिलाई महाग पडते, पण गोळा झालेलं भरण तेवढ्याच कप्प्यातून काढून हाताने मोकळं करता येतं.

अभ्र्याचं कापड कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतो. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. ६० सेंटिमीटर रुंदीवर ५ टक्के म्हणजे ३ सेंटिमीटर, आणि तेवढ्याने अभ्रा परत चढत नाही. मग लोक चेन ओढून तोडतात आणि दोष चेनला देतात.

आता धुण्याबद्दल, कारण फोन सगळ्यात जास्त त्याचेच येतात.

अभ्रा तीन-चार आठवड्यांनी धुवावा. काढला की चेन बंद करायची, उलटा करायचा, मगच मशीनमध्ये टाकायचा. उघड्या चेनचे दाते बाकीचे कपडे ओढतात आणि स्वतःही वाकतात. कॉर्डुरॉय असेल तर ओलसर असतानाच मऊ ब्रशने एकाच दिशेने फिरवावा, नाहीतर रेषा चपट्या बसतात.

आतली उशी वर्षातून दोनदा पुरे: एकदा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, एकदा ऑक्टोबरच्या उन्हात. (दिवाळीच्या आधीचे आठ दिवस टाळा, तेव्हा गच्चीवरच्या दोऱ्यांवर जागा मिळत नाही.) धुण्याआधी ताणकाट्याला लटकवून वजन करा. आमच्या उशीच्या आतल्या पट्टीवर ते पक्क्या शाईने लिहिलेलं असतं. वाळली की नाही हे हाताला कळत नाही. बाहेरचं कापड कोरडं लागतं आणि मधला गाभा ओला असतो. वजन पूर्वीच्या आकड्यावर आलं की वाळली. शंभर-दीडशे ग्रॅम जास्त भरलं, तर तेवढं पाणी अजून आत आहे.

मोठ्या टबात २० लिटर कोमट पाणी आणि १५ ते २० मिलिलिटर पातळ साबण. पावडर नको, ती तंतूंत अडकून राहते. साबण मागे राहिला की भरण चिकट होतं आणि धूळ धरतं. उशी पाण्याखाली दाबून आधी हवा बाहेर काढायची, मग तळव्यांनी दाबत राहायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. नंतर स्वच्छ पाण्यातून तीनदा, निदान शेवटच्या पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये उशी तरंगते, वरचा भाग कोराच राहतो आणि पिळताना ड्रम एका बाजूला हेलकावतो. मशीन वापरायचंच असेल तर पुढून उघडणारं घ्या, आणि उशी आत गेल्यावर वरती हात शिरेल एवढी मोकळी जागा हवी.

ओली उशी वरच्या कानाला धरून उचलू नका. कोरड्या उशीसाठी शिवलेला तो पट्टा पाण्याचं वजन पेलत नाही, शिलाईसकट निघतो. दोन्ही हात खालून घालून उचला, तिरप्या पाटावर अर्धा तास निथळू द्या, मग खाटेवर किंवा जाळीवर आडवी ठेवा, म्हणजे खालून वारा लागेल. दर दोन तासांनी पालटायची आणि गोळे हाताने सोडवायचे. कडक उन्हात दोन दिवस लागतात, ढगाळ हवेत चारही पुरत नाहीत.

घरी जुनी कापसाची उशी असेल तर ती पाण्यात घालूच नका. अभ्रा धुवा, उशीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन तास ऊन द्या, छडीने हलकेच झटका. दडपली की पिंजून घ्या. चहा सांडून आतपर्यंत गेला असेल तर टाके उसवून कापूस बाहेर काढून पसरावा, दुसरा इलाज नाही.

डागांपैकी खोबरेल तेलाचा डोक्यामागचा डाग सगळ्यात चिवट. त्यावर टाल्कम पावडर थापून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, मग भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब बोटाने जिरवून धुवा. दुधाच्या चहाला आधी गार पाणी. गरम पाण्याने दूध कापडात पक्कं बसतं. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका. धुवून ओलाच उन्हात टाका, फिकटत जातो. बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं धरा आणि वरून स्पिरिटच्या बोळ्याने टिपा; घासलं तर पसरते.

कोकण-गोव्याकडून येणारी तक्रार वेगळी: बुरशी. ती बहुतेक वेळा उशीच्या मागच्या बाजूला सुरू होते, कारण ती बाजू पावसाळाभर ओल आलेल्या भिंतीला टेकलेली असते आणि तिकडे कोणी बघत नाही. आम्ही मागचा पडदा जाड, घट्ट विणीच्या ड्रिलचा केला, पण खरा उपाय गिऱ्हाइकाच्याच हातात: रात्री उशी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आठवड्यातून एकदा पंख्याखाली पालथी घाला. काळे ठिपके दिसले तर नाकाला फडकं बांधून, घराबाहेर, कोरड्या ब्रशने झटका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टिपा आणि ऊन द्या. रंग जातो का ते आधी आतल्या शिवणीवर पाहा. व्हिनेगरबरोबर ब्लीच कधीही वापरू नका, विषारी वायू तयार होतो. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर वास महिनोन्महिने जात नाही, आणि उशीत थर्माकोलचे मणी असतील तर तेही त्या वाफेने खराब होतात.

दुरुस्तीला येणाऱ्या उशांत निम्म्याहून जास्त हाताच्या सांध्यात उसवलेल्या असतात. उठताना लोक दोन्ही हातांवर भार देतात, आणि सगळा ताण त्या एका शिवणीवर येतो. तिथे आता दुहेरी शिलाई आणि आतून सुती पट्टी घालतो. तरी भार गादीवरच द्यावा. चेन अडकली तर तेल लावू नका, कापडावर उतरतं. मेणबत्ती दात्यांवरून दोनदा फिरवली की पुरे.

भरण बसलं म्हणून नवी उशी घ्यायची गरज नाही. आम्ही कप्प्यानुसार ग्रॅमवर भरण विकतो. बहुतेकांना फक्त खालच्या कप्प्यात १०० ते १५० ग्रॅम लागतं. धुण्यासाठी मात्र जून ते सप्टेंबर आम्ही फक्त अभ्रे घेतो. आतल्या उशा दसऱ्यानंतर आणा, आणि आतल्या पट्टीवरचा वजनाचा आकडा पुसट झाला असेल तर कोरड्या उशीचं वजन करून आधी तो गिरवून ठेवा.