खेळू दे की तिला

सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. नळ येतो चार-पाच दिवसांनी एकदा, मग मोटर लाव, पाईप इकडून तिकडं ओढ, टाकी, पिंप, हंडे, कळश्या आणि शेवटी कुकरसुद्धा भरून ठेव, घरातलं प्रत्येक माणूस कामाला जुंपलेलं. आणि आमची सव्वातीन वर्षांची लेक सगळ्यात मस्त खेळते ती नेमकी त्याच दिवशी. कारण काय, तर त्या दिवशी तिच्याकडं बघायला कुणाला वेळच नसतो.

एरवी तिच्या खेळात नाक खुपसायला सगळे टपलेले. ती आपली गुपचूप डब्यांना झाकणं लावत बसलेली असते, तर आजोबा विचारणार, हे झाकण कुठल्या रंगाचं सांग बरं? आत्या लगेच मोबाईल काढून इकडं बघ पिल्लू, इकडं बघ. आजीला तर लेकरू गप्प बसलं की काळजीच वाटते, एकटीच काय करालीस गं, ये माझ्याजवळ. झालं, धागा तुटला. मग ती उठून पदराला लोंबकळते आणि आम्हीच म्हणायला मोकळे, ही काय एकटी खेळतच नाही बाई.

माझं मत विचाराल तर लहान लेकरांना एकटं खेळायला शिकवावं वगैरे लागत नाही, मोठ्यांना गप्प बसायला शिकवावं लागतं. आणि एकटं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे हां. मी भाकरी थापत असते, ती ओट्याखाली फरशीवर, माझ्या नजरेत. आपण जवळपास आहोत एवढं कळलं की मुलं रमतात, सारखं बोलायची गरज नसते. पाण्याच्या दिवशी तर पिंपं-बादल्या आधी झाकायच्या नि मगच बाकीचं, कारण रांगणारं-चालायला लागलेलं पोर बादलीभर पाण्यातसुद्धा बुडू शकतं. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर बटणं, मणी, चिंचोके पण वर ठेवलेलेच बरे.

खेळणी म्हणाल तर आमच्याकडं पोतंभर साठली होती, प्रत्येक बारशा-वाढदिवसाला कोणीतरी बॅटरीवाली गाडी आणतंच. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 2018 साली एक अभ्यास झाला, छोट्या मुलांना एकदा सोळा खेळणी दिली आणि एकदा फक्त चार, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हेनं खेळली. म्हणून मी निम्म्याहून जास्त माळ्यावर टाकली, मधूनमधून अदलाबदल करते, महिन्यानं खाली आलेली जुनी गाडी तिला नवीनच वाटते. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं नव्हतीच, बिया, शिंपले, पानं असलं जवळपास मिळेल तेच घेतलं. आमच्या जवळपास काय मिळतं तर टॉवेल आणि मागावरचं सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या. सासऱ्यांचा माग बंद होऊन जमाना झाला पण कांड्यांची पिशवी अजून घरात आहे, आणि तिच्यापुढं ती गाणारी गाडी फिकी.

कांड्यांचं काय होतं बघा. संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा, बघून आल्यापासून घरात रोज सिद्धेश्वराची मिरवणूक निघते. आधी कांड्या ओळीनं उभ्या करायच्या, ती माणसं, त्यातली पांढरी कांडी म्हणजे बाराबंदी, म्हणजे मिरवणुकीतला पांढरा अंगरखा, घातलेला आजोबा. डोक्याला हात पुसायचा टॉवेल गुंडाळायचा, लाटणं दोन्ही हातांनी सरळ धरायचं, तो नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, खरे सात असतात पण आमच्या घरात लाटणं एकच. मग "हर्र बोला हर्र" करत कॉटला वळसा. मधेच एक कांडी पडते, मग तिला रागवायचं, "नीट चाल की बे, पडशील." हे सगळं तोंडानं चालू असतं, कुणाशी बोलालीय तर कुणाशीच नाही. वायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञानं म्हणून ठेवलंय की मुलं असं स्वतःशी मोठ्यानं बोलतात ते स्वतःलाच वाट दाखवायला, पुढं तेच बोलणं आत जाऊन विचार होतो. म्हणून ती पुटपुटायला लागली की मी "काय म्हणतीस गं?" हे तोंडावर आलेलं गिळते, अवघड जातं पण गिळते.

तासभर वगैरे खेळत नाही हां, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं रमली तरी या वयात भरपूर झालं. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर, दुपारी बाहेर काढायची सोय नाही, तेव्हा मोबाईल द्यायचा मोह मलाही होतोच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगून ठेवलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं चांगलं. त्यापेक्षा पसारा परवडला.

पसाऱ्याची किंमत मात्र मोजावी लागते. परवा चपात्यांची कणिक मळून तयार आणि लाटणं मिरवणुकीत. मागितलं तर म्हणे, "थांब, अजून देऊळ आलं नाही." सासूबाई हसल्या, कणिक झाकून ठेवली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा काढला, भाकरीला कुठं लाटणं लागतंय!